प्रोग्रेसिव्हचा कप्पा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. काम ऐतिहासिक आहे, तारखा हाताशी असलेल्या बऱ्या. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

वाचनालयात मासिक बदलायला गेलो होतो. ग्रंथपालबाईंच्या टेबलाभोवती खोकीच खोकी. जहाजावर इंजिनियर असलेले एक गृहस्थ गेल्या वर्षी वारले. बंदराबंदरांतून त्यांनी जमवलेल्या चारशे बारा रेकॉर्डी त्यांच्या पत्नीनं वाचनालयाला दिल्या. मागच्या खोलीत श्रवणकक्ष होणार. शास्त्रीय, जॅझ आणि सिनेमाची गाणी एका रिटायर्ड संगीतशिक्षकांनी परवा दुपारी वेगळी करून दिली. उरल्या एकशे चाळीस. त्यांच्यापुढे मात्र शिक्षकांनी आणि बाईंनी, दोघांनीही हात टेकले. त्या पत्नीची, म्हणजे काकूंची, एकच अट आहे म्हणे, ह्यांचं प्रोग्रेसिव्ह रॉक वेगळं ठेवा. पेंटरनं तशी पाटी रंगवूनही आणली. कप्प्यात साठ मावतात. फक्त प्रोग्रेसिव्ह कशाला म्हणायचं, हे कोणालाच ठाऊक नाही.

बाईंनी मला विचारलं, तुम्हाला यातलं काही कळतं का. मी म्हटलं, थोडंफार. हा विनय. कॉलेजात माझ्याकडे सात कॅसेटी होत्या, आणि या विषयावर हॉस्टेलात माझ्याशी वाद घालायला कोणी धजत नसे. (ही म्हणते, वाद घालायला नाही, खोलीत यायला.)

८ मार्चला उद्घाटन. दोन रविवारांचं काम आहे. माझ्या अंदाजानं दीड.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११, लॅब

लॅब म्हणजे चपलांच्या दुकानामागची खोली. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. इथं डोकं शांत चालतं. मेणात दात बसवता बसवता व्याख्या तयार झाली.

व्याख्या क्र. १: ज्या रेकॉर्डीवर सात मिनिटांपेक्षा लांब गाणं आहे, ती प्रोग्रेसिव्ह.

सुटसुटीत. घड्याळ लावून तपासता येते. हिला फोन करून वाचून दाखवली. ही पोस्टात काउंटरवर असते. म्हणाली, समोर लाइन आहे. लोकांना व्याख्येचं महत्त्व नसतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

खोकं पहिलं. एका तासात सव्वीस रेकॉर्डी पास. स्वतःवर खूश होतो. मग पास झालेल्या नीट पाहिल्या. एक नाचाची निघाली, चौदा मिनिटं एकच ठेका. एक पोट कमी करण्याच्या व्यायामाची, बावीस मिनिटं. माझ्या व्याख्येप्रमाणे व्यायामाची रेकॉर्ड ‘येस’ या बँडपेक्षा जास्त प्रोग्रेसिव्ह ठरत होती.

सव्वीसच्या सव्वीस परत खोक्यात. बाईंनी विचारलं, किती झाल्या. म्हटलं, पद्धत ठरतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

व्याख्या क्र. २: लांबी अधिक विषम ठेका. सरळ चारात चालतं ते रॉक. पाचात, सातात, अकरात चालतं ते प्रोग्रेसिव्ह. तांत्रिक भाषेत सेव्हन-एट वगैरे.

ही म्हणाली, तुम्हाला आवडतील त्या एका बाजूला ठेवा, नाही आवडणार त्या दुसऱ्या, दुपारपर्यंत होईल. जगाची आज जी अवस्था आहे ती याच विचारसरणीनं झालेली आहे.

बाईंच्या परवानगीनं वाचनालयाचा प्लेअर आणि ती खोकी घरी आणली. संकल्प: रोज एक बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, डोळे मिटून ऐकणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. लॅब

पूर्ण कवळीत एका बाजूला सात दात, दुसऱ्या बाजूला सात. अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय आणि आज लक्षात आलं, माझा धंदाच सेव्हन-एट आहे. या विषयाचा अधिकार माझ्याकडे चालत आलेला आहे. दोन दिवस ठेका मोजत मोजतच दात बसवतोय.

दुपारी ४. डॉक्टरीणबाईंचा फोन. परवाच्या आजोबांच्या खालच्या कवळीत उजवीकडे आठ दात आहेत. आजोबांचं तोंड मिटत नाही. मी म्हटलं, असं कसं होईल. त्या म्हणाल्या, मी समोर बसून मोजलेत, आजोबांनीही मोजलेत.

प्लास्टर ओलं असावं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काकू घरी आल्या. म्हणजे त्या इंजिनियरांच्या पत्नी. बारीक अंगकाठी, हातात भाजीची पिशवी. स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, कौतुकानं. मग म्हणाल्या, भाऊ, एक विचारू का.

झालं असं. त्यांचे यजमान नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी असायचे. घरी असले की रोज दुपारी एक रेकॉर्ड लावायचे आणि काकू त्या वेळी इस्त्री करायच्या. तेवढी एक रेकॉर्ड त्यांना परत हवी आहे. खोकी बांधली पुतण्यानं, त्याला काय माहीत. नाव त्यांनाही माहीत नाही. हिरवं कव्हर, त्यावर रिकामी खुर्ची. सुरुवातीला पेटीसारखं काहीतरी वाजतं, मग एक बाई नुसतीच गुणगुणते, शब्द नाहीत. काकूंनी गुणगुणून दाखवलं. सूर बरा होता.

मी जागच्या जागी निदान केलं. बाई, गुणगुणणं, इस्त्री. म्हटलं, काकू, हे प्रोग्रेसिव्ह नव्हे. हे झोपेच्या वेळचं हलकंफुलकं संगीत. त्या म्हणाल्या, आमचे हे तर तसं म्हणायचे नाहीत. मी म्हटलं, घरच्या माणसाला आपण समजुतीनं सांगतो. त्यांनी भाजीची पिशवी उचलली. मग म्हणाल्या, सापडली तर बाजूला ठेवाल ना.

ठेवेन म्हटलं. लिहूनही घेतलं, व्याख्या क्र. ३ च्या मागच्या बाजूला. एकदा वर्गीकरण झालं की ती आपोआप हाती येईल. असल्या शोधाशोधीत वेळ घालवला तर मूळ काम राहून जातं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण दिवस पिंक फ्लॉइड या बँडवर.

सकाळी: आहेत. दुपारी: नाहीत. सावकाश असणं वेगळं आणि प्रोग्रेसिव्ह असणं वेगळं. आमच्या गल्लीतला पोस्टमनही सावकाश आहे. चारच्या चहाला: आहेत, पण मधल्या काळापुरते. म्हणजे त्यांच्या काही रेकॉर्डी कप्प्यात आणि काही बाहेर. एकाच घरातली माणसं अशी तोडायची का, हा नवाच प्रश्न उभा राहिला. सहा वाजता त्यांना तात्पुरतं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवलं. ही म्हणाली, मी कुठं बसू.

रश: तिघंच जण. तिघांत कसली प्रोग्रेस. राखीव.

जेथ्रो टल: बासरी आहे. बासरीला नाही म्हणवत नाही.

क्वीन: ही म्हणाली, ते मला आवडतात. म्हणजे नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचा फोन. श्रवणकक्षात जागा नाही, साठांच्या वर एकही ठेवता येणार नाही. उरतील त्या न्यायला एक माणूस तयार आहे. जुन्या रेकॉर्डींची भिंतीवरची घड्याळं बनवतो. मी फक्त ‘ठेवायच्या’ आणि ‘द्यायच्या’ अशी यादी करून सही करायची. मी म्हटलं, साठ कशाला, खऱ्या कसोटीला चाळीसही उतरणार नाहीत. बाई म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही पाहा, माझं डोकं पेंटरनं खाल्लंय.

आता माझ्या सहीला वजन आलं आहे. व्याख्या क्र. ४ घेतली: लांबी, विषम ठेका, एकाहून जास्त कीबोर्ड, आणि गाण्यात गोष्ट.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा आला होता. लिफ्ट दुरुस्त करतो. पूर्वी एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, म्हणून हिनं मुद्दाम बोलावलं. मला गरज नव्हती. तरी एक दुसरं मत असावं म्हणून मी सातच्या ठेक्याचा उत्तम नमुना लावला आणि टेबलावर बोटं वाजवत मोजून दाखवलं.

मेहुणा म्हणाला, भावोजी, हे सरळ चारात आहे. मी म्हटलं, पुन्हा ऐक. त्यानं पुन्हा ऐकलं. म्हणाला, चारातच आहे, तुम्ही मध्येच तीन मोजता आणि मग थांबून माझ्या तोंडाकडे बघता.

मग त्यानं दुसरी रेकॉर्ड लावली, मी ‘सरळ चार’ म्हणून बाद केलेली. ही बघा, ही सातात आहे. मी मोजलं. सहा आले. परत मोजलं. नऊ. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, सात आहेत.

लिफ्टच्या माणसाला वर आणि खाली एवढंच कळतं. जाताना मेहुण्यानं विचारलं, भावोजी, आतापर्यंत किती ठरल्या. मी म्हटलं, तत्त्वं ठरली आहेत.

विषम ठेक्याची अट व्याख्येतून काढली. ती मुळातच वरवरची होती.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

संकल्पाप्रमाणे पूर्ण बाजू ऐकली. तेवीस मिनिटं. फार खोल अनुभव. मधल्या भागातलं काही आठवत नाही, इतकी तंद्री लागली.

ही म्हणते, नवव्या मिनिटापासून तुम्ही घोरत होता आणि रेकॉर्ड संपून सुई अर्धा तास खरखरत होती, मी उचलली. मी म्हटलं, ती समाधी. उत्तम प्रोग्रेसिव्हची हीच खूण. लगेच व्याख्या क्र. ६ लिहिली: ज्यात श्रोत्याचं देहभान हरपतं ते. पडताळा म्हणून ओळीनं चार रेकॉर्डी लावल्या. चारही पास. पाचवी म्हणून व्यायामाची लावली. तीही पास.

व्याख्या क्र. ६ रद्द.

२६ फेब्रुवारी, बुधवार. लॅब

आजोबा स्वतः आले होते, नवी कवळी घालून बघायला. मी मोजून सात आणि सात बसवले होते. आरशात पाहून म्हणाले, बरं झालं, तुम्ही हल्ली कशात तरी गुंतलेले दिसता. मी थोडक्यात विषय सांगितला. पंचवीस मिनिटं. आजोबांनी सगळं ऐकलं, नवे दात तोंडात असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

बोलता बोलता मलाच मुख्य गोष्ट सापडली. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढे जाणारा. शब्दातच आहे. मग जो बँड पुढे जात नाही तो प्रोग्रेसिव्ह कसा. लांबी नको, ठेका नको, कीबोर्ड नको. एवढे दिवस मी काखेत कळसा घेऊन गावभर फिरत होतो.

व्याख्या क्र. ९ (अंतिम): ज्याची दुसरी रेकॉर्ड पहिलीसारखी नाही, तिसरी दुसरीसारखी नाही, आणि जो कधीही मागे फिरला नाही, तोच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. म्हणजे लॅब बंद ठेवली. एकेका बँडला अंतिम व्याख्येसमोर उभं केलं.

येस: पुढे गेले, पण मग आपल्याच जुन्या वाटेनं परतले असा संशय. बाद.

जेनेसिस: इतके पुढे गेले की रेडिओवर लागू लागले. ही पुढे जाण्याची व्याख्या नव्हे. बाद.

पिंक फ्लॉइड: जड अंतःकरणानं बाद. खुर्ची मोकळी झाली, ही बसली.

जेथ्रो टल: बासरी प्रत्येक रेकॉर्डीवर आहे. म्हणजे बदल नाही. बाद.

ज्यांची संग्रहात एकच रेकॉर्ड आहे, ते पुढे गेले की नाही हे सिद्ध होत नाही. पुराव्याअभावी बाद. असे त्र्याण्णव.

संध्याकाळी पाचपर्यंत अकरा उरले, सहापर्यंत चार. मग चहा घेतला आणि मन घट्ट करून पुन्हा बसलो.

एक उरली. कुठल्याशा थंड देशातले पाच दाढीवाले. नाव उच्चारता येत नाही. त्यांचीही संग्रहात एकच रेकॉर्ड, पण तिला पुराव्याची गरज नाही. रेकॉर्डीवर मोठा ओरखडा आहे, त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला सुई आपोआप उडी मारून पुढे जाते. मागे कधीच येत नाही.

यादीवर सही केली. ठेवायच्या: १. द्यायच्या: १३९. इतकं निर्मळ काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

१ मार्च, शनिवार

घड्याळवाला टेंपो घेऊन घरी आला आणि एकशे एकोणचाळीस घेऊन गेला. उरलेली एक मी वाचनालयात नेली, बाईंनी ती कप्प्यात उभी केली. ती पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. शेवटी दोन्ही बाजूंना शब्दकोश लावले.

बाई बराच वेळ पाटीकडे आणि कप्प्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, तुम्ही तज्ज्ञ आहात. असं म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. भारावल्या असाव्यात.

२ मार्च, रविवार

काकूंचा वाचनालयात फोन आला होता. ती हिरवी रेकॉर्ड सापडली का, उद्घाटनाच्या आधी मिळाली तर बरं.

मी घरी सगळीकडे पाहिलं. वास्तविक पाहण्यासारखं काही नव्हतं, रेकॉर्डी गेल्याच होत्या. व्याख्यांचे कागद चाळले. हिनं क्र. ३ उलटा करून माझ्यापुढे धरला. ‘हिरवं, खुर्ची, बाई गुणगुणते. काकूंना द्यायची.’ माझंच अक्षर.

हिनं विचारलं, तुम्ही शोधली होती का. मी म्हटलं, मी वर्गीकरणात होतो. ही म्हणाली, एकशे चाळीस कव्हरं हाताखालून गेली, हिरवं दिसलं नाही. मी म्हटलं, मी रंगावर जात नाही.

ही कागद टेबलावर ठेवून आत गेली. ते बरं नाही वाटलं. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

३ मार्च, सोमवार

घड्याळवाल्याला सहा फोन. उचलत नाही. माझा अंदाज, तो अजून कामाला लागला नसेल. कारागीर लोक चालढकल करतात.

५ मार्च, बुधवार

लॅब बंद करून घड्याळवाल्याकडे गेलो. लोखंडी जिना, वर पत्र्याची खोली. माणूस अत्यंत कामसू निघाला. चार दिवसांत एक्केचाळीस कापल्या. कोणाची मांजर, कोणाची सायकल, कोणाचं झाडाचं पान. रेकॉर्ड गरम करतो, कापतो, मधल्या भोकात यंत्र बसवतो. कव्हरं एका कोपऱ्यात रचलेली होती.

हिरवं कव्हर वरून तिसरं होतं. रिकामी खुर्ची. आत हात घातला, आत काही नव्हतं.

मी विचारलं, यातली. त्यानं भिंतीकडे बोट केलं. म्हणाला, ती पहिलीच घेतली, माल चांगला होता, जाड. गोल तशीच ठेवलीय, नुसते काटे लावलेत. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

कव्हरची मागची बाजू वाचली. पहिली बाजू: एकच गाणं, एकवीस मिनिटं. चार प्रकारचे कीबोर्ड. दीपगृहात राहणाऱ्या एका माणसाची सलग गोष्ट. पहिला भाग सातच्या ठेक्यात असल्याचं छापलेलंच होतं. खाली बारीक अक्षरात, बँडची ही चौथी रेकॉर्ड, आधीच्या तिन्हींहून अगदी वेगळी.

क्र. १. क्र. २. क्र. ४. क्र. ९ सुद्धा. एकदा पायरीवर बसून वाचलं, एकदा उभं राहून. अपवादानं नियम सिद्ध होतो, असं म्हणतात. तसं लिहायला घेतलं होतं, पण हात चालेना.

घड्याळवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला सही केलेली यादी दिली होती हो. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव त्यानं आपणहून टेंपोत भरल्या. आणि ते घड्याळ भिंतीवरून काढून कव्हरसकट माझ्या हातात दिलं. पाठीवर थाप मारली. ती मारायला नको होती.

बाईंना फोन करून म्हटलं, रेकॉर्डी परत आणतोय. त्या म्हणाल्या, व्याख्या बदलली का. मी हो म्हटलं.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ३

काकूंकडे गेलो. ही पोस्टातून अर्धी रजा काढून बरोबर आली. मी म्हटलं, मी एकटा जाऊ शकतो. ही म्हणाली, माहीत आहे. आणि आली.

रस्त्यात मी बोलायचं ठरवलं होतं. आधी वर्गीकरणाच्या अडचणी, मग जागेचा प्रश्न, मग घड्याळवाल्याची घाई. दार उघडल्यावर पिशवीतून घड्याळ काढून काकूंच्या हातात दिलं आणि तोंडातून एवढंच निघालं, काकू, ही ती.

त्यांनी लेबलवर बोट फिरवलं. विचारलं, चालतं का. मी म्हटलं, पाच मिनिटं मागं पडतं. त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

हिनं कव्हरवरचं नाव वाचलं आणि फोनमध्ये शोधलं. अर्ध्या मिनिटात लागलं. पेटीसारखं काहीतरी, मग ती बाई. शब्द नाहीत. काकू उभ्याच होत्या. मग आतून इस्त्री आणि एक चादर घेऊन आल्या. म्हणाल्या, मला नुसतं बसून हे ऐकता येत नाही, सवय नाही. इस्त्रीचं बटणही लावलं नव्हतं. थंड इस्त्री चादरीवर फिरू लागली. पुढे तीन, मागे चार. पुढे तीन, मागे चार.

मी पाहत राहिलो. एकदाही चुकल्या नाहीत. म्हणाल्या, ह्यांनी शिकवलं होतं. पहिल्या वर्षी मी सारखी विचारायचे, हे गाणं लंगडत का चालतं. तर म्हणाले, लंगडत नाही, तू इस्त्री पुढे तीनदा ने आणि मागे चारदा आण, मग बघ. नऊ महिने हे नसले तरी मी तशीच करायचे, गाण्याशिवाय. कपडे कोणाचे, तर माझेच दोन.

ही पटकन उठून खिडकीशी गेली.

एकवीस मिनिटं मी जागा होतो. ही नोंद मुद्दाम करतो. गाणं संपल्यावर काकूंनी इस्त्री माझ्याकडे केली. म्हणाल्या, करून बघा, सोपं आहे. मी पुढे तीन नेली, मागे आणताना पाच झाले. पुन्हा केलं. मागे तीनच झाले. काकू म्हणाल्या, होईल. चार वेळा म्हणाल्या. मग इस्त्री घेऊन जागेवर ठेवली.

निघताना त्यांनी विचारलं, याला प्रोग्रेसिव्हच म्हणायचं ना. ह्यांनी तसं सांगितलं होतं.

मी म्हटलं, हो काकू. त्या म्हणाल्या, मग बरोबर आहे.

८ मार्च, शनिवार

उद्घाटन. पंचवीस माणसं. मी मागे उभा होतो. बाईंनी माझं नाव आभारांत घेतलं, संगीतशिक्षकांनंतर आणि पेंटरच्या आधी. मेहुणा म्हणाला, भावोजी, पुढे जा. गेलो नाही.

अठ्ठ्याण्णव रेकॉर्डी खोक्यांतच आहेत. बाईंना मी सांगितलं, आता नव्यानं, अगदी साधी व्याख्या करून पुढच्या शनिवारपर्यंत लावून देतो. बाई म्हणाल्या, नको, काकू बघते म्हणाल्यात. त्यांचं वय झालंय, मी म्हटलं, त्यांना मार्गदर्शन लागेल. बाई म्हणाल्या, लागलं तर कळवू.

१५ मार्च, शनिवार

कळवलं नाही.

२२ मार्च, शनिवार

मासिक बदलायचं होतं, म्हणून वाचनालयात गेलो. सहज मागच्या खोलीत डोकावलो. शनिवारी दुपारी श्रवणकक्ष काकूच सांभाळतात. कप्प्याखाली आणखी एक फळी ठोकून सगळ्या रेकॉर्डी लावल्यात. पेंटरची पाटी काढून ठेवली आहे. त्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे, काकूंच्या अक्षरात. ‘सकाळी’. ‘दुपारी इस्त्रीच्या वेळी’. ‘ह्यांचा राग उतरेपर्यंत’. ‘पत्र आलं नाही त्या आठवड्यांत’. पिंक फ्लॉइड दोन ठिकाणी विभागले आहेत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. चार-पाच माणसं बसली होती. ज्याला जे हवं ते उठून काढत होता. कोणी काही विचारत नव्हतं.

मी स्टुलावर बसलो. काकूंनी कसे आहात विचारलं. मी म्हटलं, काकू, पद्धत चांगली आहे, पण तत्त्व म्हणून पाहिलं तर एक अडचण आहे. आणि मग ती अडचण सांगितली. सुरुवातीपासून सांगितली, त्याशिवाय कळली नसती. हळूहळू माणसं उठून गेली. काकू ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, हो का. नंतर एकदा म्हणाल्या, पाच वाजले वाटतं.

शेवटच्या पुठ्ठ्यामागे एकच रेकॉर्ड होती. ते पाच दाढीवाले. मी निवडलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, ही तुम्ही वेगळी ठेवलीत. काकू म्हणाल्या, ही पहिल्यापासून वेगळीच होती. असं म्हणून त्यांनी ती काढली, पुसली आणि लावली. माझ्या निवडीचा मान म्हणून लावली, असं मी समजलो. डोळे मिटले. तिसऱ्या मिनिटाला सुईनं उडी मारली तेव्हा उघडले, तर समोर पुठ्ठा. चष्मा लावून वाचला.

‘पाहुणे उठत नसतील तेव्हा’.

काकू माझी पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. उठलो.